आपल्याच माणसांचा नकार
अमेरिकी संघराज्यातील सत्तेची वाटणी आणि तिच्यावरचे अंकुश : प्रस्तावना

अमेरिकेच्या अध्यक्षांनी एखाद्या आदेशावर सही केली की आपल्याकडच्या बातम्यांत तो जणू कायदाच झाला, अशा थाटात येतो. थोड्याच दिवसांत तिथल्या कुठल्याशा राज्यातला एक संघीय जिल्हा न्यायाधीश त्या आदेशाला स्थगिती देतो आणि वाचक बुचकळ्यात पडतो. एवढ्या बलाढ्य अध्यक्षाला जिल्हा पातळीवरचा न्यायाधीश कसा अडवतो? कधी बातमी येते, की अमेरिकेचे सरकार बंद पडले. डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली अशी टाळेबंदी ३५ दिवस चालली आणि सुमारे ८ लाख सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार अडकले. तरी अध्यक्ष पदावर होते आणि काँग्रेस, म्हणजे तिथले कायदेमंडळ, तीही जागेवर होती. आपल्या लोकसभेने अर्थसंकल्प फेटाळला तर मंत्रिमंडळाला जावे लागते. तिथे खर्चाचे विधेयक अडले तर कोणाचीच खुर्ची जात नाही, फक्त काम थांबते. हे असे का होते, हे समजून घ्यायचे तर तिथली सत्ता कशी वाटलेली आहे आणि कोण कोणाला कुठे अडवू शकतो, हे मुळातून पाहावे लागते. हे पुस्तक त्यासाठी लिहिले आहे.

मराठी वाचकासाठी हा विषय आता निव्वळ कुतूहलाचा राहिलेला नाही. पुण्या-मुंबईतून, नाशिक-नागपुरातून न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला गेलेल्या कुटुंबांचे आयुष्य याच वाटणीवर टांगलेले असते. एच-वन-बी व्हिसाची वर्षाची मर्यादा ६५,००० आणि तिथल्या विद्यापीठातून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० ही काँग्रेसने कायद्यात घातलेली आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्केच यावेत, हेही काँग्रेसनेच ठरवले. भारतीयांची रांग त्यामुळेच वर्षानुवर्षे हलत नाही, आणि कोणत्याही अध्यक्षाला ती केवळ सही करून हलवता येत नाही. एच-वन-बीवर असलेल्यांच्या काही जोडीदारांना मात्र नोकरीची परवानगी मिळाली ती २०१५ मध्ये प्रशासनाने केलेल्या नियमाने. नियमाने दिलेले नियमाने काढताही येते, म्हणून प्रशासन बदलले की या घरांत धाकधूक सुरू होते. आणि तो नियम कायद्याला धरून आहे की नाही, हा वाद न्यायालयात जातो. एकाच घराच्या भवितव्याचा एक कागद काँग्रेसकडे, दुसरा प्रशासनाकडे आणि तिसरा न्यायालयात, अशी ही स्थिती आहे.

ही रचना १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात आकाराला आली. स्वातंत्र्यानंतरची पहिली व्यवस्था पार दुबळी निघाली होती. तेरा राज्यांच्या त्या सैल संघाच्या काँग्रेसला कर बसवता येत नव्हता. स्वतंत्र कार्यकारी प्रमुख नव्हता, राष्ट्रीय न्यायव्यवस्था नव्हती, आणि मूळ करारात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती लागे. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधले कर्जबाजारी शेतकरी हत्यारे घेऊन उठले, तेव्हा या केंद्रीय सत्तेपाशी ना पैसा होता ना फौज. त्या धक्क्यानंतर ५५ प्रतिनिधी जमले. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवले नाही. बंद दारांआड, जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली मे महिन्यापासून चर्चा चालली आणि १७ सप्टेंबरला ३९ जणांनी राज्यघटनेवर सह्या केल्या.

या मंडळींना दोन भीती होत्या. एक राजाची, जी त्यांनी स्वतः अनुभवली होती. दुसरी भीती निवडून आलेल्या सभागृहांची. राज्यांची कायदेमंडळे बहुमताच्या जोरावर मनाला येईल ते कायदे करत होती, आणि त्यांना रोखायला कोणी नव्हते. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू याने १७४८ मध्ये सत्ता वेगवेगळ्या हाती ठेवण्याचे तत्त्व मांडले होते आणि ते या सर्वांना तोंडपाठ होते. जेम्स मॅडिसन यांनी त्यात मोलाची भर घातली. घटनेच्या समर्थनार्थ त्यांनी, अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जॉन जे यांनी मिळून ८५ लेख लिहिले. त्यांत मॅडिसन सांगतात की कागदावर हद्दी आखून भागत नाही. प्रत्येक सत्तेपाशी दुसरीला अडवण्याचे साधन हवे आणि तशी इच्छा होण्याचे कारणही हवे. म्हणून घटनाकारांनी या सत्तांचे हात एकमेकींच्या कामात मुद्दाम गुंतवून ठेवले.

हे गुंतवणे कसे आहे ते पाहा. कायदा काँग्रेस करते, पण तो प्रतिनिधीगृह आणि सिनेट या दोन्ही सभागृहांत संमत व्हावा लागतो आणि नंतर अध्यक्षांपुढे ठेवावा लागतो. अध्यक्ष तो नाकारू शकतात. मग दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश बहुमताने तो पुन्हा संमत केला तरच अध्यक्षांचा नकार मोडतो. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी बारा वर्षांत ६३५ वेळा हा अधिकार वापरला आणि त्यांतले फक्त ९ नकार काँग्रेसला मोडता आले. सेनेचे सरसेनापती अध्यक्ष, पण युद्ध पुकारण्याचा आणि सैन्यासाठी पैसा मंजूर करण्याचा अधिकार काँग्रेसचा. तह अध्यक्ष करतात, पण सिनेटच्या दोन-तृतीयांश संमतीशिवाय तो लागू होत नाही. पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह वुड्रो विल्सन स्वतः पॅरिसला जाऊन करून आले, आणि सिनेटने तो फेटाळला. न्यायाधीश अध्यक्ष नेमतात, त्यालाही सिनेटची मान्यता लागते. एकदा नेमले की त्यांची नेमणूक तहहयात असते आणि त्यांचा पगार कमी करता येत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती असावेत, हे काँग्रेस कायद्याने ठरवते. नऊचा आकडा १८६९ पासून चालत आलेला आहे, घटनेत तो कुठेही नाही.

कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकारही घटनेत शब्दाने लिहिलेला नाही. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८०३ च्या मार्बरी खटल्यात तो प्रस्थापित केला, आणि ज्या रीतीने केला ती पाहण्यासारखी आहे. मावळते अध्यक्ष जॉन अॅडम्स यांनी नेमलेल्या विल्यम मार्बरी यांना नेमणुकीचा कागद पोचला नव्हता, आणि नवे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांचे प्रशासन तो द्यायला तयार नव्हते. न्यायालयाने तो द्यायचा हुकूम काढला असता तर जेफरसन यांनी तो बहुधा धुडकावला असता. मार्शल यांनी निकाल दिला, की मार्बरींचा हक्क खरा आहे, पण असा हुकूम थेट काढण्याचा अधिकार काँग्रेसने ज्या कलमाने या न्यायालयाला दिला ते कलमच घटनेविरुद्ध आहे. हाती असलेला छोटा अधिकार सोडून त्यांनी कितीतरी मोठा अधिकार मिळवला, आणि जेफरसन यांना धुडकावण्यासारखा हुकूमच समोर उरला नाही.

याखेरीज राज्ये आहेतच. केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात, हे १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीने स्पष्ट केले. पण राज्यांचा अधिकार हा प्रत्येक वेळी स्वातंत्र्याच्याच बाजूने उभा राहिला, असे समजणे चूक ठरेल. आर्कान्सामधल्या लिटल रॉक इथे १९५७ मध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जाऊ न देण्यासाठी गव्हर्नरांनी राज्याचे सशस्त्र दल उभे केले होते. न्यायालयाचा निकाल मुलांच्या बाजूने होता, पण न्यायालयापाशी शिपाई नसतात. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक पाठवले, तेव्हा ती मुले वर्गात पोचली. एका सत्तेचा शब्द दुसरीने पाळला नाही तर तो कागदावरच राहतो, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

इथपर्यंतची माहिती कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. या पुस्तकाचे म्हणणे त्यापुढचे आहे. अमेरिकेच्या इतिहासातले निर्णायक प्रसंग एकेक करून तपासले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सत्तेला लगाम बसला तो विरोधकांनी आरडाओरडा केला म्हणून नव्हे. विरोधक तर नेहमीच विरोध करतात. लगाम बसला तो आपल्याच पक्षाच्या, आपणच नेमलेल्या माणसांनी आपल्या जागेचे काम ओळखून नकार दिला तेव्हा.

१९३६ च्या निवडणुकीत रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. सिनेटमध्ये त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे तीन-चतुर्थांशांहून जास्त सदस्य होते. मंदीतून देशाला वर काढण्यासाठी त्यांनी केलेले कायदे सर्वोच्च न्यायालय एकामागून एक रद्द करत होते. म्हणून फेब्रुवारी १९३७ मध्ये त्यांनी योजना मांडली, की सत्तरी ओलांडूनही निवृत्त न होणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशामागे एक नवा न्यायाधीश नेमावा, असे जास्तीत जास्त सहा. योजना कायद्यात बसणारी होती आणि बहुमत हाताशी होते. तरी त्यांच्याच पक्षाच्या सिनेटरांनी ती रोखली. जुलैमध्ये सिनेटने ७० विरुद्ध २० मतांनी विधेयक समितीकडे परत पाठवून संपवले. रूझवेल्ट यांच्या धोरणांना पाठिंबा देणाऱ्या अनेकांनीही त्या दिवशी न्यायालय वाचवले.

दुसरा प्रसंग १९५२ चा. तो पुस्तकात एका पूर्ण प्रकरणात सांगितला आहे, कारण सगळी यंत्रणा त्यात हलताना दिसते. कोरियात युद्ध चालू होते आणि पोलाद कामगारांचा संप तोंडावर आला होता. ८ एप्रिलच्या रात्री अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी देशाला उद्देशून भाषण केले आणि पोलाद कारखाने ताब्यात घेण्याचा आदेश वाणिज्यमंत्री चार्ल्स सॉयर यांना दिला. त्याच रात्री कंपन्यांचे वकील न्यायाधीशांच्या घरी जाऊन धडकले. ट्रुमन यांच्यापाशी दुसरा मार्ग होता. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने ८० दिवस संप पुढे ढकलता आला असता. पण तो कायदा काँग्रेसने त्यांचा नकार मोडून केलेला होता, आणि तो वापरायची त्यांची तयारी नव्हती. शिवाय तोच कायदा करताना, सरकारला कारखाने ताब्यात घेण्याचा अधिकार द्यावा का, यावर काँग्रेसने विचार केला होता आणि तो दिला नव्हता.

जिल्हा न्यायालयात सरकारी वकिलांनी सांगितले, की आणीबाणीत अध्यक्षांच्या अधिकाराला दोनच मर्यादा आहेत, निवडणूक आणि महाभियोग. हा युक्तिवाद ऐकून देश हादरला. २९ एप्रिलला न्यायाधीश डेव्हिड पाइन यांनी ताबा बेकायदा ठरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे बसलेले नऊच्या नऊ न्यायाधीश रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनी नेमलेले होते. ट्रुमन यांचे स्वतःचे चार होते. त्यांतले टॉम क्लार्क हे पूर्वी त्यांचे अॅटर्नी जनरल होते, आणि त्या पदावर असताना आणीबाणीत अध्यक्षांचे अधिकार मोठे असल्याचे मत त्यांनी दिले होते. २ जूनला निकाल लागला, सहा विरुद्ध तीन, अध्यक्षांच्या विरोधात. क्लार्क त्या सहांत होते. ट्रुमन यांनी त्याच दिवशी कारखाने परत केले आणि संप सुरू झाला. तो ५३ दिवस चालला.

त्या सहांपैकी रॉबर्ट जॅक्सन यांनी स्वतंत्र मत लिहिले, आणि आजही अध्यक्षीय अधिकारांचा प्रत्येक वाद त्याच मापाने मोजला जातो. काँग्रेसने संमती दिलेली असेल तिथे अध्यक्षांचा अधिकार सर्वांत भक्कम असतो. काँग्रेस गप्प असेल तिथे तो संदिग्ध असतो. काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध जाताना तो सर्वांत क्षीण असतो. जॅक्सन स्वतः १९४१ मध्ये रूझवेल्ट यांचे अॅटर्नी जनरल होते आणि तेव्हा एक विमान कारखाना ताब्यात घेण्याचे त्यांनी समर्थन केले होते. अध्यक्षांचा वकील असताना जे बोललो त्याने न्यायाधीश बांधला जात नाही, ही त्यांची भूमिका होती. पद बदलले की कर्तव्य बदलते, हे त्यांनी कृतीने दाखवले.

तिसरा प्रसंग अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचा. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी त्यांना त्यांच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या ध्वनिफिती हवाली करायला सांगितले. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश वॉरन बर्गर हे निक्सन यांनीच नेमलेले होते, आणि आठांत त्यांनी नेमलेले आणखी दोघे होते. तीन दिवसांनी प्रतिनिधीगृहाच्या न्याय समितीत महाभियोगाचा पहिला आरोप २७ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला. त्यात रिपब्लिकन पक्षाच्या सहा सदस्यांनी स्वपक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध मत दिले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याच पक्षाचे ज्येष्ठ नेते व्हाइट हाउसमध्ये जाऊन सिनेटमध्ये आता पाठिंबा उरलेला नाही असे सांगून आले. ९ ऑगस्टला निक्सन यांनी पद सोडले.

मोठ्या माणसांच्या या गोष्टींमुळे सत्तेची वाटणी हा दिल्ली-वॉशिंग्टनच्या दिवाणखान्यातला विषय वाटू शकतो. म्हणून जगदीश राय चढ्ढा यांचा खटला इथे सांगायलाच हवा. केनियात जन्मलेले, भारतीय वंशाचे, ब्रिटिश पासपोर्ट असलेले चढ्ढा १९६६ मध्ये ओहायोत शिकायला आले. १९७२ मध्ये त्यांच्या व्हिसाची मुदत संपली आणि परत जायला त्यांना देश उरला नव्हता. १९७४ मध्ये स्थलांतर न्यायाधीशांनी त्यांची हद्दपारी थांबवली. पण कायद्यात अशी सोय होती, की काँग्रेसचे एक सभागृह केवळ ठराव करून ही सवलत रद्द करू शकते. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधीगृहाने ३४० जणांच्या यादीतून सहा नावे काढली. त्यांत चढ्ढा होते. चर्चा झाली नाही, मतांची नोंदही झाली नाही. चढ्ढा लढले. २३ जून १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला, की एखाद्याचे कायदेशीर हक्क बदलायचे तर ते दोन्ही सभागृहांतून आणि अध्यक्षांच्या टेबलावरूनच गेले पाहिजे. एकट्या सभागृहाच्या ठरावाने ते होणार नाही. या एका निकालाने अशीच सोय असलेल्या सुमारे २०० कायद्यांतल्या तरतुदींचा पाया गेला, अशी खंत भिन्नमत देणाऱ्या न्यायाधीश बायरन व्हाइट यांनी नोंदवली. आणि एक बेवतन विद्यार्थी अमेरिकेत राहू शकला.

ही रचना अपयशी ठरते तेव्हा काय होते, तेही वाचकाने पाहिले पाहिजे. फेब्रुवारी १९४२ मध्ये रूझवेल्ट यांनी आदेश काढला, मार्चमध्ये काँग्रेसने त्याला कायद्याचे पाठबळ दिले, आणि सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले. त्यांतले दोन-तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. त्यांचा एकमेव गुन्हा त्यांचा वंश होता. डिसेंबर १९४४ मध्ये कोरेमात्सु खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. तो निकाल ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिला होता. १९५२ मध्ये पोलाद कारखान्यांच्या बाजूने बहुमताचा निकाल लिहिणारे तेच ब्लॅक. १९४४ मध्ये भिन्नमत देणाऱ्या तिघांत जॅक्सन होते. तिन्ही सत्ता शाबूत होत्या, निवडणुका वेळेवर होत होत्या, घटनेतला एक शब्दही बदललेला नव्हता. कोणी कोणाला अडवले नाही, एवढेच घडले. काँग्रेसने माफी मागून हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर देण्याचा कायदा केला तो १९८८ मध्ये. सत्तेचे विभाजन माणसांना आपोआप वाचवत नाही, याचा याहून जळजळीत पुरावा दुसरा नाही.

आपल्या घटनाकारांनी ही व्यवस्था बारकाईने पाहिली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना त्यांनी अमेरिकी आणि ब्रिटिश पद्धतींची तुलना केली. लोकशाहीतले कार्यकारी मंडळ स्थिर हवे आणि उत्तरदायीही हवे. अमेरिकी पद्धत स्थैर्य जास्त देते, ब्रिटिश पद्धत उत्तरदायित्व जास्त देते, आणि मसुद्याने उत्तरदायित्वाला पसंती दिली आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. सरकारने रोजच्या रोज, प्रश्नोत्तरांत आणि ठरावांत सभागृहाला जाब द्यावा, ही त्यांची अपेक्षा होती. ती पूर्ण होण्यासाठी सत्ताधारी बाकांवरच्या सदस्यालाही आपल्या मंत्र्याला अडचणीचा प्रश्न विचारता आला पाहिजे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडणाऱ्या आमदार-खासदाराचे सदस्यत्वच जाऊ शकते. घोडेबाजार थांबावा या चांगल्या हेतूने तो कायदा आला. पण आपल्याच सरकारला सभागृहात नकार देण्याची वाट त्याने अरुंद केली, आणि या किमतीचा हिशेब आपण अजून नीट मांडलेला नाही. अमेरिकेत असा कायदा नाही. तरीही तिथे अलीकडच्या दशकांत पक्षनिष्ठा इतकी कडक झाली आहे, की महाभियोगाची मते जवळजवळ पक्षाच्या रेषेवरच पडतात. नियम वेगळे असले तरी दुखणे दोन्हीकडे एकच आहे.

पुढील प्रकरणांत काँग्रेस, अध्यक्ष, न्यायालये आणि राज्ये यांची रचना क्रमाने येईल. सनावळी पाठ करण्याची गरज नाही. प्रत्येक प्रसंगात तीन प्रश्न विचारत वाचावे. हे काम कोणाचे होते? त्यासाठी आणखी कोणाची संमती हवी होती? आणि ज्याला नकार देता आला असता त्याने तो दिला का? हेच प्रश्न मग मुंबईच्या विधान भवनाविषयी आणि दिल्लीच्या संसदेविषयीही विचारावेत. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला आपण रस्त्याविषयी, पाण्याविषयी विचारतो. तुमचा पक्ष चुकला तर तुम्ही सभागृहात काय कराल, हेही त्याला विचारा. उत्तर न देणाऱ्याला मत देताना पुन्हा विचार करा.